गोकुळदासाची वाटी

डिचोलीत भर वाटेला जानकीचं घर. मे महिन्यात दारात भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची सालं वाळत पडायची. वाळलेलं साल भिरंडांच्याच खारवलेल्या रसात, म्हणजे आगळात बुडवायचं, परत उन्हात घालायचं. सोल काळंभोर होईस्तोवर हेच. म्हापशाच्या बाजारात बायका नाव घेऊन विचारायच्या, जानकीची सोलां आसत?

मग बंद पडलेले खनिजाचे ट्रक परत सुरू झाले. त्यातले बहुतेक गावच्या गोकुळदासाचे, वर ताडपत्रीचा पत्ता नाही. गटारातून उपसलेला चिखल वाटेकडेलाच सुकत पडलेला. चाकांखाली त्याचं पीठ व्हायचं आणि खनिजाच्या धुळीसकट ओल्या सालांवर येऊन बसायचं. दर बुडवणीला नवा थर. म्हापशाच्या बायकांनी सोलां परत आणून दिली. दातांखाली कचकचतात म्हणाल्या. लेक सेजलने कॉलेजच्या प्रयोगशाळेत धूळ तपासून घेतली. मँगनीज, शिसं, वर हगवणीचे जंतू.

जानकी गोकुळदासाकडे गेली. ट्रक झाक, वाटेवर पाणी मार म्हणाली. ड्रायव्हरांसमोर तो हसला.

"धूळ खाल्ल्यान कोण मरता गो वयनी?"

जानकी घरी आली. परत आलेली सोलां टाकायला काढली होती, ती तिने बरणीत भरली.

त्याच महिन्यात गोकुळदासाच्या मुलीचं लग्न. सोलांची कढी करायला बोलावणं जानकीलाच. माणसाला लाज नसली तरी जीभ असते. पंगतीसाठी तिने गेल्या सालच्या स्वच्छ सोलांची कढी केली. एक वाटी तेवढी बरणीतली.

गोकुळदास नव्या व्याह्याच्या पानाला पान लावून बसला होता. वाटी तोंडाला लावली आणि दातांखाली कच्च झालं. थुंकणार कुठे? व्याह्याच्या मांडीला मांडी, समोर मुलीचं सगळं सासर. तोंड भरलेलं ठेवून त्याने वर बघितलं. जानकी समोरच उभी.

"गिळ रे. धूळ खाल्ल्यान कोण मरता?"

व्याह्याने काय झालं म्हणून विचारलं.

"ह्येच्या ट्रकांची धूळ ती, व्याहीबाब. सगळी डिचोली खाता. आज मालकाक वाढलंय."

त्याने गिळलं. जानकीने वाटी रिकामी होईस्तोवर जागा सोडली नाही. दुसऱ्या दिवशी व्याह्यांकडच्या पूजेला मुलीचा बाप पोचलाच नाही. पायखान्यातून बाहेर येईल तर पोचेल.

आता ट्रकांवर ताडपत्री असते. बरणी अजून अर्धी भरलेली आहे. जानकीने ती ट्रकवाल्यांना वाटेवरून दिसेल अशी खिडकीत ठेवलीय.