वात की वाट

मुलांनो, १९५० नंतरच्या त्या वर्षांत आम्ही कांदिवलीला राहत होतो. आमच्या कुंपणापलीकडे जुनं ख्रिस्ती गावठाण होतं. तिथली माणसं भातशेती करत, रविवारी चर्चला जात आणि घरात मराठीच बोलत. मला याचं फार कुतूहल होतं, पण विचारायचं कसं, ते कळत नव्हतं.

एका दुपारी गावठाणातल्या शेजारच्या मावशी एक वही घेऊन आल्या. शनिवारी त्यांच्या लेकीचं ‘उंबराचं पाणी’ होतं. म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीसाठी घडा भरून आणायचा. त्या वेळचं गाणं त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणत. त्या तीन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. गाणं राहिलं होतं फक्त वहीत, आणि मावशींना अक्षरओळख नव्हती.

“पोरीनं वाचलं, पन ती इंग्रजी वाचल्यासारकी वाचते,” मावशी म्हणाल्या. “तू दोनी शिकलीस. सगलं सांग गो मना. अर्धं गानं म्हनून घडा नाय भरायचा मी.”

वही उघडली. गाणं मराठी, अक्षरं मात्र इंग्रजी! त्यांच्याकडे प्रार्थनाही अशाच लिहीत. मी ऐटीत पहिली ओळ वाचली, “देवमायपुढं वाट लाव, बयो.”

तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अगं, देवापुढे वाट कसली लावतेस? वात लाव, वात!”

व्ही, ए, टी. वात तेच, वाट तेच. माझी बी.ए.ची पदवी तिथे काही कामाची नव्हती.

“लग्नाआदीच पोरीची वाट लावलीस गो!” मावशी पोट धरून हसल्या. मग एकदम थांबून त्यांनी सासूबाईंना विचारलं, “पन आजी, तुमाला कसं ठावं?”

“आमच्याकडेही लग्नाच्या गाण्यात आधी वात लावतात, मग आमंत्रणं. पहिलं देवाला. तुमचं दुसरं कुणाला?”

मी वाचलं, “विहिरीला.”

“आमचं गावाला. आणि तिसरं?”

तिसरं कसरीने खाल्लं होतं. ‘मामा’ एवढाच शब्द शिल्लक होता. मावशींचा चेहरा उतरला. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हलकेच म्हटलं,

“मामानं आणलं हिरवं लुगडं, भाचीला नेसवा गं.”

“आमच्यात बी लुगडं मामाचंच!” मावशी म्हणाल्या.

“पण आमच्यात ही ओळ अंबाबाईपुढे म्हणतात. तुमच्या फादरना चालेल का?”

“फादर विहिरीवर येत नाय. तितं बायांचं राज्य.”

दोन दुपारी आम्ही पाठांतर केलं. कोणी कोणाकडून घेतलं, हे मी दोघींनाही पुन्हा पुन्हा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “आधी चाल नीट धर.” दुसरं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

शनिवारी सासूबाई ‘नुसतं बघायला’ म्हणून माझ्याबरोबर आल्या आणि गर्दीच्या कडेला उभ्या राहिल्या. विहिरीवर विडा ठेवला, बँड थांबला. मावशींनी देवमायेला बोलावलं, विहिरीला बोलावलं. मामाशी येताच त्यांचं लक्ष लेकीकडे गेलं आणि गाणं तिथेच सोडून त्यांनी तिला कवटाळलं. घडा काठावर तसाच राहिला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ती ओळ त्यांच्यातल्या दुसऱ्या कोणाला येतच नव्हती.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज उठला. सासूबाई डोळे मिटून गात होत्या. दुसऱ्या फेरीला मावशी त्यांच्यात मिसळल्या, मग बाकीच्या बायका, आणि घडा विहिरीत उतरला.

परतताना काठी टेकत एक म्हातारी सासूबाईंजवळ आली. “कोनच्या गावची गो तू?”

“मी रत्नागिरीकडची.”

“तिकरं बी आपली मानसं हान?”

सासूबाईंनी पदर सारखा केला. “आहेत ना,” त्या म्हणाल्या, “पुष्कळ आहेत.”