कठड्याला दात नसतात

डॉल्फिनच्या तलावामागे, पंपाच्या खोलीला लागून प्रथमोपचाराची खोली होती. एक खाट, एक बेसिन, एक कपाट. तिथे सिस्टरने एकोणीस वर्षं काढली. बाहेर टाळ्या वाजायच्या आणि आत लोक रक्ताळलेली बोटं धरून यायचे. कोणी मासा दाखवून ऐन वेळी मागे ओढलेला असे, कोणी माशाचा वास लागलेला हात थेट डॉल्फिनच्या तोंडाशी नेलेला. मुकं जनावर चिडणार नाही तर काय करणार? पण मॅनेजरसाहेबांच्या दुनियेत डॉल्फिन चावतच नसे. तो फक्त हसे. तिकिटावर हसे, भिंतीवर हसे, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा हसे. म्हणून जखमेच्या चिठ्ठीवर कारण एकच लिहायचं, असा दंडक होता: कठड्याला घासलं.

सिस्टर लिहायची. आधी भांडली होती. हाताने मासे भरवणं बंद करा, लांब चिमटे द्या, ठळक पाटी लावा, असे तीन अर्ज दिले. ते कुठे गेले देव जाणे. मग तिने मनाची समजूत घातली की पाहुणे दवाखान्यात तोंडाने खरं सांगतातच, चिठ्ठी वाचतंय कोण. जखम मात्र मन लावून धुवायची. साबण, वाहतं पाणी, घड्याळ लावून दहा मिनिटं. कोणी कितीही बोंबललं तरी सोडायची नाही. वर सैल पट्टी, आणि आजच्या आज डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, अशी तंबी. काम चोख, कागद धडधडीत खोटा.

धाकट्या जावेला तिथे तिनेच चिकटवलं होतं. जाऊ दिवसा माशांच्या बादल्या भरायची आणि संध्याकाळी घरी शिवणयंत्रावर बसायची. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश तिच्या हातचे. एका दुपारी बादली काठावर कलंडली, ती मासे गोळा करायला वाकली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट डॉल्फिनच्या दातांत सापडलं. सिस्टरने ते धुतलं, पट्टी बांधली आणि हाताच्या सवयीने चिठ्ठीवर कठडा लिहिला. जाऊ नोकरीत नवी. कामावरून काढतील या धास्तीने दवाखान्यातही तिने कठड्याचंच नाव घेतलं. डॉक्टरांनी साधी चीर समजून बारीक, सुबक टाके घातले. घाण आतल्या आत कोंडली गेली.

तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. सिस्टर तिला घेऊन तडक दवाखान्यात गेली.

"डॉक्टर, हे चावणं आहे. डॉल्फिनचं. चिठ्ठी मीच लिहिली होती, खोटी."

डॉक्टर आवाज न चढवता बोलले, ते जास्त झोंबलं. "तेव्हा कळलं असतं तर मी टाके घातलेच नसते. जखम उघडी ठेवून औषध सुरू केलं असतं."

टाके काढले, पू काढला, शस्त्रक्रिया झाली. बोट वाचलं, पण ते यापुढे वाकणार नव्हतं.

मॅनेजरसाहेबांचा फोन आला. भरपगारी सुट्टी देतो, कठड्याचं तेवढं राहू द्या, ते म्हणाले. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कठड्याला दात असतात का, असं तिने दवाखान्याच्या भर व्हरांड्यात विचारलं. खरी चिठ्ठी लिहिलीय, आणि मागच्या सगळ्या चिठ्ठ्यांचंही खरं लिहून देणार आहे, म्हणाली. लोक घाबरतील, असं साहेब पुटपुटले.

"घाबरू देत. बोटं शाबूत घेऊन घरी तरी जातील."

त्याच तोऱ्यात ती जावेच्या खाटेपाशी आली आणि साहेबांची कशी खरडपट्टी काढली ते तिला सांगू लागली. जावेने सगळं ऐकून घेतलं. पट्टीतून बाहेर आलेलं ताठ बोट ती बघत होती.

"ताई, खरं सांगितलं नाही तर असं होईल, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

जावेने भिंतीकडे तोंड फिरवलं.