पाद्रीसाहेबांच्या बायकोची बाजू

मेलेल्या माणसांची बाजू घेऊन इतक्या तळमळीने भांडणारं माणूस माझ्या नवऱ्याच्या आत्यांखेरीज मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या जिवंत माणसांशीही भांडत, पण ते निव्वळ सरावासाठी. जिल्हा कोर्टात पस्तीस वर्षं टायपिस्ट होत्या. साक्षी टाइप करता करता आपल्याला खरं आणि खोटं वासावरून कळायला लागलं, असा त्यांचा दावा होता. लग्न त्यांनी केलं नाही. माझ्या नवऱ्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली, तेव्हा या भाच्याला त्यांनीच वाढवलं. म्हणून आम्ही हट्टाने त्यांना व्हिजिटर व्हिसावर वर्षभरासाठी परदेशात, आमच्या पॉइंट कुकला आणलं आणि आमच्या घराचं कोर्ट झालं.

माझ्या मुलीने सकाळी येऊन ब्रश केला म्हणून सांगितलं, की आत्या विचारत, कोणत्या बाजूने सुरुवात केलीस? ती म्हणे, "आय डोन्ट रिमेम्बर." मग आत्या शांतपणे तिला पुन्हा बेसिनकडे पाठवत. खोट्या साक्षीत तपशील नसतो, हा त्यांचा सिद्धान्त. काउन्सिलकडून कचऱ्याच्या डब्यांविषयी आलेलं पत्रसुद्धा त्या लाल पेन्सिल घेऊन वाचत. त्यांचं इंग्रजी उत्तम होतं, पण सगळं कोर्टातलं. शेजारचा ब्रेट एकदा कुंपणावरून "हाउ यू गोइंग?" म्हणाला, तर त्यांनी आधी त्याला प्रश्न नीट मांडायला लावला आणि मग गुडघ्यांपासून सविस्तर जबाब दिला. तेव्हापासून तो त्यांना नुसता हात करायचा.

अशा आत्यांना मी एका दुपारी ऑप-शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, नेलं. मला पडदे हवे होते. त्या पुस्तकांच्या कपाटापाशी गेल्या आणि एक काळं, कडा झिजलेलं पुस्तक घेऊनच बाहेर पडल्या. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, आमच्यापासून दोन तासांवरच्या एका गावातल्या पाद्रीसाहेबांनी लिहिलेल्या भक्तिकविता होत्या त्या. प्रस्तावनेत पाद्रीसाहेबांनी म्हटलं होतं की सातव्या बाळंतपणात पत्नी देवाघरी गेली आणि त्या दुःखात हे पुस्तक आपण छापत आहोत.

दोन दिवस आत्या जेवतानाही ते पुस्तक सोडेनात. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा येऊन त्यांनी निकाल सांगितला. या कविता त्या माणसाच्या नाहीतच. एका कवितेत देव दार वाजवतो आणि कवीचे हात पिठात आहेत. दुसरीत प्रार्थना चालू असताना एक डोळा उतू जाणाऱ्या दुधावर आहे. तिसरीत पाऊस आलाय, दोरीवरचे कपडे भिजताहेत आणि कडेवरचं पोर खाली उतरायला तयार नाही. "सहा पोरांचा बाप दोरीवरचे कपडे कधी मोजतो का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्या, दीडशे वर्षं झाली, आता कोणाला काय फरक पडतो? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोळी करपू दिली.

मग त्यांनी त्या गावच्या चर्चला पत्र लिहिलं. उत्तर आलं मार्गारेट नावाच्या बाईंचं. त्या तिथल्या ऑर्गनिस्ट, प्रार्थनेत याच कविता गीतं म्हणून वाजवत आलेल्या, वय ऐंशीच्या पुढे. चहाला या, म्हणाल्या. एका शनिवारी नवरा, मी आणि आत्या गाडीने निघालो. आत्यांनी काठाची रेशमी साडी नेसली होती, वर माझं पफर जॅकेट, आणि मांडीवर फाइल. चर्च लहानसं, दगडी होतं. भिंतीवर पाद्रीसाहेबांच्या नावाचा पितळी फलक, त्यावर लिहिलेलं 'संतकवी'. बायकोचं नाव मागच्या आवारातल्या थडग्यावरही नव्हतं. तिथे नुसतं 'यांची पत्नी' होतं.

मार्गारेटबाईंनी प्रेमाने चहा दिला, फ्रूटकेक दिला. आत्यांनी दोन घास खाऊन बशी बाजूला ठेवली आणि उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाच्या थाटात त्या म्हणाल्या, "आय पुट इट टू यू, मॅडम." नवऱ्याने डोळे मिटून घेतले. पण मार्गारेटबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या इतकंच म्हणाल्या की हे साहेब आमच्या गावाचा अभिमान आहेत आणि नुसत्या पिठावरून कोणाचा अभिमान काढून घेता येत नाही. आत्यांनी ते मान्य केलं. पुरावा अपुरा आहे, असं त्यांनी फाइलमध्ये लिहूनही घेतलं. निघताना त्यांनी केकची कृती विचारली, कारण त्यात सुंठ होती आणि इंग्रज माणूस एवढी सुंठ घालेल यावर त्यांचा विश्वास बसेना.

कृती पाद्रीसाहेबांच्या बायकोचीच निघाली. चर्चच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिच्या वहीतून तो केक करत आल्या होत्या. मार्गारेटबाईंनी कपाटातून वही आणली, पहिल्या पानावरचं तिचं नाव आणि मग सुंठेचं पान उघडून दाखवलं. आत्यांनी ते वाचलं आणि सवयीने वही उलटी करून मागून उघडली. तिथे, तुपकट डागांच्या मधे, पेन्सिलीने लिहिलेली ती पिठाच्या हातांची कविता होती. एकेक ओळ चारचार वेळा खोडलेली. खोडता खोडता, शेवटी, पुस्तकात होती तशीच उतरलेली.

मार्गारेटबाई अक्षर पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, कदाचित तिने साहेबांच्या कवितेची नक्कल करून ठेवली असेल.

आत्या वकिली विसरून, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "नक्कल करणारा खोडत नाही हो. खोडतो तो लिहिणारा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटबाईंनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर वाजवलं ते या बाईचं, असं काहीसं त्या पुटपुटल्या आणि आत्यांचा हात धरून बसल्या.

दोन महिन्यांनी त्यांनी आम्हाला रविवारच्या प्रार्थनेला बोलावलं. जेमतेम वीस डोकी होती. ऑर्गनपाशी उभं राहून मार्गारेटबाईंनी जाहीर केलं की आजचं गीत एडिथचं आहे. दीडशे वर्षांनी तिचं नाव तिच्या कवितेआधी आलं. गाणं झाल्यावर त्यांनी आत्यांना पुढे बोलावलं. आत्या जॅकेट काढून, पदर खांद्यावरून घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच गीताची आपण मराठीत केलेली ओवी म्हटली:

हात पिठात माखले, कशी काढू मी ही कडी
देवा ढकलून ये रे, वाट तुझीच उघडी

एकालाही मराठी येत नव्हतं, तरी मागच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने टोपी छातीशी धरली. परतीच्या वाटेवर आत्या विजयाने इतक्या फुलल्या होत्या, की फ्रीवेवर पुढे घुसलेल्या ट्रकवाल्यालाही त्यांनी माफ केलं.

वर्ष संपलं, व्हिसा संपला. त्यांना विमानात बसवून घरी येताना नवरा गाडी चालवता चालवता बोलू लागला. म्हणाला, मला झोपवताना आत्या रोज गाणी म्हणायची. एक कावळ्याच्या शाळेचं होतं, एक हरवलेल्या चपलेचं. आपल्या मुलीसाठी मी ती किती पुस्तकांत शोधली, कुठेच सापडली नाहीत. कोणाची होती, हे मी तिला कधी विचारलंच नाही.

आत्या पोचल्यावर त्याने फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय विचारायचं रे? तू झोपायचास, तेवढं पुरे होतं."