घर जपणाऱ्यांची ओळ

अमेरिकेतल्या एका राष्ट्राध्यक्षाचं पडायला आलेलं घर एका ज्यू कुटुंबानं विकत घेऊन पिढ्यान्‌पिढ्या जपलं, आणि श्रेय वाटताना लोक त्यांनाच विसरले. अकोल्याच्या जुन्या शहरात आम्ही तरी काय वेगळं करत होतो? स्वातंत्र्यसैनिकाचं घर सांभाळलं फुलं विकणाऱ्या कुटुंबानं, आणि दारावर लावायच्या फलकावर नाव फक्त आमच्या स्मारक समितीचं! त्याच घराच्या ओसरीवर सभा होती. त्या ज्यू कुटुंबाची गोष्ट सांगून मी कडाडून भांडलो. शेवटी समितीचे अध्यक्ष वरमले. घरातल्या काकूंना म्हणाले, "तुमच्याबद्दल काय लिहू?"

"घर आमी जपलं, एवढं लिवा. अन् खाली मोठ्या अक्षरात लिवा, चपला बाहेर काढा. सकाळीच सारवलं मी, अन् तुमी सारे चपला घालून काऊन बसले बाप्पा?"

अख्खी समिती दाराकडे पळाली. फलकावर आता दोन्ही ओळी आहेत.