दुरुस्त केलेला आवाज

चुनीलालकाकांना बिघडलेली वस्तू बघवत नाही. त्यांना विळा उसना दिला तर तो धार लागूनच परत येतो. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा बोलणी चालू असताना हे गृहस्थ उठले आणि मुलीकडच्यांच्या करकरत्या झोपाळ्याला तेल घालून, नट आवळून आले. लग्न काही जमलं नाही. झोपाळा मात्र अजून करकरत नाही म्हणतात.

आमचं गाव तापीकाठचं, केळी-कापसाचं. तिथे इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे दोघंच. एक मी, अमृत, आणि दुसरा काकांचा मुलगा हेमकांत. गिटारचा आवाज मुद्दाम घोगरा करायचा, म्हणजे फाडायचा, तो कसा, यावरून आमचं रोज वाजायचं. मी पेडलवाला. पायाखालचं बटण दाबलं की झालं, हळू वाजवलं तरी आवाज फाटतो आणि शेजारी शिव्या देत नाहीत. हेमकांतला हे पटायचं नाही. "तुन्हा पेडल सगळासना आवाज एकसारखाच फाडस," म्हणायचा. त्याने सुरतेच्या जुन्या बाजारातून एक अँप्लिफायर आणला होता. तो पूर्ण चढवला की त्याची ताकद संपायची आणि आवाज आपोआप फाटायचा. तार हळू छेडली तर गोड, जोरात मारली तर घोगरा. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा पठ्ठ्याने दाढीच्या ब्लेडने त्यातल्या स्पीकरच्या कागदी पडद्याला चिरा पाडल्या. त्यानंतर जो आवाज निघाला, तो मला पेडलवर कधीच जमला नाही. हे मी त्याला कबूल केलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

काका त्या अँप्लिफायरला पेटी म्हणायचे. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ऐकायचे आणि तेच सांगायचे, "हेमकांत, तुन्ही पेटी फाटेल शे. म्हसावदले जाईसन दुरुस्त करी ले." हेमकांत हसायचा. चिरांचं मात्र त्याने काकांना कधी सांगितलं नाही. चांगल्या वस्तूला ब्लेड लावलं हे ऐकून ते जेवले नसते.

दोन वर्षांपूर्वी हेमकांत काविळीने गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या आईने, प्रमिलाकाकूंनी, पेटीवर चादर टाकली. मोबाइलवर त्याचं वाजवणं आहे, पण त्यात नुसती खरखर ऐकू येते.

यंदा त्याच्या बहिणीचं, मोहिनीचं लग्न ठरलं. तिचं मागणं एकच होतं. हळदीला दादाच्या पेटीवर दादाची धून वाजवायची. मी हो म्हटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी काकांनी पेटी मांडवात आणून ठेवली. पेटी पुसून लख्ख केलेली, काकांचा चेहरा खुललेला. म्हणाले, "उंदीरसनी आतला कागद कुरतडेल व्हता. नवा बसाडी लयनू. पोऱ्यानी वस्तू, बहिणना लगीनमा फाटेल कशी वाजाडानी?"

ते कुरतडणं उंदरांचं नव्हतं, हेमकांतच्या चिरा होत्या. तरी मी वायर जोडली आणि बटणं पूर्ण फिरवली. म्हसावदच्या कारागिराने आतलंही सगळं नवं घातलं होतं. आवाज शाळेतल्या प्रार्थनेच्या हार्मोनियमसारखा स्वच्छ निघाला. मोहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी घाईने पिशवीतून माझं पेडल काढलं, बटण दाबलं आणि धून पुन्हा सुरू केली. पाहुणे खूश झाले. प्रमिलाकाकू हळदीच्या हातांनीच पुढे आल्या.

"हाऊ मन्हा हेमकांतना आवाज नही," त्या म्हणाल्या. "हाऊ तुन्हा शे."

काकांनी मला बाजूला घेऊन आवाज का बदलला ते विचारलं. खोटं बोलायला हवं होतं, पण मला जमलं नाही. मी त्यांना ब्लेडचं सांगितलं. ते पाहुण्यांना पाणी द्यायला गेले.

मोहिनी सासरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. ओट्यावर पेटी उघडी होती आणि त्यांच्या हातात नवं ब्लेड होतं. जुना कागद शोधायला ते म्हसावदला जाऊन आले होते. कारागिराने तो कधीच फेकला होता.

"अमृत, त्यानी कोठे कापेल व्हतं?"

मला आठवेना. तीन चिरा होत्या की चार, आडव्या की उभ्या. इतकी वर्षं मी त्या चिरांची फक्त टिंगल केली होती, नीट पाहिल्या नव्हत्या.

काकांनी ब्लेड कागदाला टेकवलं. आयुष्यात त्यांनी धड वस्तू कधी फाडली नव्हती, आणि कुठे फाडायची हेही माहीत नव्हतं. त्यांनी ब्लेड परत पुडीत गुंडाळलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "शे तशीच वाजाड."

मी वाजवलं. काका त्यांच्या नेहमीच्या जागी बसून ऐकत होते. आवाजात काही म्हणजे काही खोट नव्हती. धून संपेपर्यंत ते थांबले आणि मग रडायला लागले.