गाईडांची मास्तरीण

प्राध्यापकांना ऐकून घ्यायला शिकवणं, हे तिचं काम. पीएचडीची मुलं कशी सांभाळावीत, डॉक्टरेट होऊन पुढच्या संशोधनाला आलेल्यांना आपल्या पायावर कसं उभं करावं, याचे वर्ग ती विद्यापीठात घ्यायची. मुलं तिला ‘गाईडांची मास्तरीण’ म्हणत. नवरा चिडवायचा, “दिवसभर लोकांना गप्प बसायला शिकवतेस, आणि घरी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस!”

“तुझं वाक्य कुठे जाणार ते मला आधीच कळतं,” ती म्हणायची.

तिचं स्वतःचं संशोधन अर्धवट सुटलं होतं. तिच्या गाईडला तिचं ऐकायला कधी सवडच झाली नाही. त्या गोष्टीचा राग अजून गेला नव्हता; तिने तो सरळ कामाला जुंपला होता.

या खेपेला गाठ थोरल्या सरांशी होती. रसायनशास्त्रात सरांचं नाव मोठं, पण त्यांच्या प्रयोगशाळेतून मुलं एकामागून एक काढता पाय घेत. कुलगुरूंनी तिला बजावलंच होतं, “ते उठून गेले तर बाकीचे प्राध्यापकही जातील. मग तुमचा वर्ग बंद.”

नियम साधा होता. हाताखालच्या एकाला समोर बसवायचं, प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सरांसमोर त्यांच्याकडे डॉक्टरेटनंतरचं संशोधन करणारी मुलगी बसली.

“काम कसं चाललंय?” सरांनी विचारलं.

“सर, ते मिश्रण...”

“तापमान वाढव. सांगितलं होतं ना?”

“पुन्हा,” मास्तरीण म्हणाली.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला तर सरांनी आपल्या प्रश्नाचं उत्तर आपणच देऊन टाकलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि सर ताडकन उठले. “असल्या पोरखेळाला मला वेळ नाही!”

मास्तरणीने नुसतं ‘छान झालं, सर’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण समोर ती मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि ते पाहून मास्तरणीचं डोकं सणकलं.

“जायचं तर जा, सर. वर्ग बंद पडला तरी बेहत्तर. पण तुम्ही शिकलात असं मी म्हणणार नाही. अजून तुम्ही हिचं एकही वाक्य पुरतं ऐकलेलं नाही.”

सर दाराशी घुटमळले. मग धुसफुसत येऊन बसले.

“काम कसं चाललंय?”

मुलगी कितीतरी वेळ बोललीच नाही. सरांचे ओठ हलले, पण त्यांनी ते दाबून धरले.

“सर, आपण छापलेला तो निकाल मला पुन्हा मिळत नाहीये,” ती अखेर म्हणाली. “तो प्रयोग नाना तऱ्हेने करून पाहिला. तुम्हाला सांगायलाच येत होते मी, दर वेळी.”

त्याच निकालाने सरांचं नाव झालं होतं. आता हा माणूस पोरीवर तुटून पडणार, असं वाटून मास्तरीण पुढे झाली.

सरांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी खुर्ची मुलीकडे ओढली.

“कुठल्या पायरीपासून बिघडतंय?” त्यांनी विचारलं, आणि कोणी न सांगता थांबले.