मोबाईलवरचा लाल ठिपका

अण्णा आज हायेत ते वनरक्षक ताईंमुळं. इकडं परमुलखात कुणी वाळलं गवत पेटवलं की त्या वासानं ती दुपार आठवते. शाळा सोडून घरीच होतो. आभाळ स्वच्छ, पण उपग्रहाला दिसलेली आग ताईंच्या मोबाईलवर लाल ठिपका होऊन आली. "तुझे अण्णा मेंढरं घेऊन कुठं गेलेत रे?" "डोंगरापल्याड." ताईंनी मला गाडीवर घेतलं. अण्णा बाभळीखाली आडवे होते. "अण्णा, उठा, वणवा येतोय!" मी लांबूनच ओरडलो. "कावून बोंबलतो बे? धूर कुठं हाय?" तेवढ्यात वारा फिरला, वास आला. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी, उन्हाची हालेनात. ताई एक कोकरू उचलून पळाल्या, तशी त्याची आई निघाली, मागं सारा कळप. पुढं ताईंनी जळालेल्या रानाचा नकाशा दाखवला. बाभळीच्या जागी काळंच काळं होतं. गावी परतलो की उन्हाळाभर ताईंसोबत वणवा अडवायला उभा राहीन, हा माझा शब्द हाय.